सूचना फाइल ९०० ओळींची झाली, तरी कोडिंग असिस्टंट ऐकत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पाचसहा जणांची टीम, एकच रिपॉझिटरी (कोडचा सामायिक साठा), तिच्यात वेब ॲप, एपीआय सर्व्हर आणि काही सामायिक पॅकेजेस. निम्मे जण क्लॉड कोड हा एआय कोडिंग असिस्टंट वापरतात, बाकीचे कर्सर आणि कोपायलट ही तशीच साधनं. क्लॉड.एमडी, म्हणजे क्लॉड कोडसाठीच्या सूचनांची फाइल, वाढत वाढत ९०० ओळींवर गेली आहे, कर्सरच्या नियमांची वेगळी प्रत आहे, कोपायलटची तिसरी, आणि तिन्हींचा आता एकमेकींशी मेळ नाही. एवढं लिहूनही असिस्टंट अधूनमधून नेमका तोच नियम मोडतो जो ठळक अक्षरांत ‘अत्यंत महत्त्वाचे’ म्हणून लिहिलेला आहे. मग फाइल आणखी काटेकोर लिहायची, तिचे तुकडे करायचे, की नादच सोडायचा? आणि ती असिस्टंटकडूनच लिहून घ्यावी का?

तुकडे करायचेच, पण त्याआधी निम्म्याहून जास्त मजकूर काढून टाकायचा. हा क्रम उलटा केलात तर ९०० ओळींच्या एका फाइलऐवजी ९० ओळींच्या दहा फाइली होतील आणि असिस्टंट होता तसाच वागेल.

ही फाइल मॉडेलपर्यंत, म्हणजे असिस्टंटच्या मागच्या एआयपर्यंत, कशी पोचते ते एकदा नीट पाहिलं की बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात. सत्र सुरू होताना क्लॉड कोड तुमची क्लॉड.एमडी वाचतं आणि तिचा मजकूर सिस्टम प्रॉम्प्टच्या (साधनाच्या स्वतःच्या मूळ सूचनांच्या) नंतर, संभाषणातल्या एका संदेशासारखा मॉडेलपुढे ठेवतं. म्हणजे ती कॉन्फिगरेशन फाइल नव्हे. टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये ‘स्ट्रिक्ट’ चालू केलं की कंपायलरला दुसरा मार्ग उरत नाही. सूचना फाइलीत ‘एनी टाइप वापरू नका’ असं लिहिलं, तर मॉडेल ते वाचतं, समोरच्या कामाशी, आजूबाजूच्या कोडशी आणि तुम्ही आत्ता जे मागितलंत त्याच्याशी ताडून बघतं, आणि बहुतेक वेळा पाळतं. दरवेळी नाही. ठळक अक्षरांनी हे प्रमाण थोडं वाढतं, पण ते शंभर टक्क्यांवर कधी जात नाही. आणि ९०० ओळींत चाळीस ठिकाणी ‘अत्यंत महत्त्वाचे’ असेल तर तेवढाही फायदा उरत नाही.

शिवाय मॉडेलला दोन विनंत्यांच्या मधलं काही आठवत नसतं. प्रत्येक फेरीत अख्खं संभाषण पुन्हा पाठवलं जातं आणि त्यात ही फाइलही जाते. प्रॉम्प्ट कॅशिंगमुळे (आधी पाठवलेला मजकूर साठवून पुन्हा वापरल्यामुळे) त्याचा खर्च आणि वेळ कमी होतो हे खरं, पण कॅशिंगने मॉडेलचं लक्ष कमी खर्च होत नाही. लांब संदर्भाच्या (एका वेळी मॉडेलपुढे असलेल्या मजकुराच्या) मधोमध असलेली माहिती मॉडेलं सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीइतकी नीट वापरत नाहीत, हे २०२३ मध्येच स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसोबत दाखवलं होतं. त्यानंतरची मॉडेलं पुष्कळ सुधारली आहेत. तरी एकाच वेळी शे-दोनशे सूचना डोळ्यांपुढे ठेवून काम करणं त्यांना आजही जड जातं, आणि त्यातल्या पावणेदोनशे चालू कामाशी संबंध नसलेल्या असल्या तर जास्तच.

साधनं बनवणाऱ्यांनीही मर्यादा सांगून ठेवल्या आहेत. अँथ्रॉपिक (क्लॉड बनवणारी कंपनी) एक क्लॉड.एमडी २०० ओळींच्या आत ठेवायला सांगतं. कर्सर एका नियमाच्या फाइलीसाठी ५०० ओळींची हद्द सुचवतं. ओपनएआयचं कोडेक्स एजंट्स.एमडी या आपल्या सूचना फाइलींचा मजकूर मुळात ३२ किलोबाइटपर्यंतच घेतं. सेटिंग बदलून तो आकडा वाढवता येतो. कोपायलटचं कोड रिव्ह्यू (बदललेल्या कोडची तपासणी) तर सूचना फाइलीची पहिली ४,००० अक्षरंच वाचतं. तुमच्या टीमने तीच ९०० ओळींची फाइल कोपायलटसाठी नकलून ठेवली असेल, तर रिव्ह्यूच्या दृष्टीने साधारण पहिल्या पानाच्या पुढे ती फाइल नाहीच.

आता कापाकापी. फाइल उघडा आणि ओळीगणिक एकच प्रश्न विचारा: ही ओळ उडवली तर असिस्टंट नेमकी कोणती चूक करेल? उत्तर देता आलं नाही तर ओळ गेली. या चाळणीत सगळ्यात आधी गळते ती कोड वाचून कळणारी माहिती. ‘हा प्रकल्प रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये आहे’ हे पॅकेज फाइलीत दिसतं. फोल्डरांची साठ ओळींची झाडासारखी यादी असिस्टंट एका आज्ञेत स्वतः काढून घेतो, आणि त्याने काढलेली यादी ताजी असते. तुमची कधी लिहिली होती ते बघा. ‘स्वच्छ, वाचनीय कोड लिहा’, ‘त्रुटी नीट हाताळा’ या ओळींनी कुठलंच वर्तन बदलत नाही. ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला सीनियर इंजिनिअर आहेस’ ही ओळ तर हटकून सापडते. काढून टाका, कुणाला वाईट वाटणार नाही.

दुसरा गठ्ठा म्हणजे यंत्राला तपासता येईल असे नियम. माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. स्पेस की टॅब, आयातींचा क्रम, नावं कशी द्यायची, अमुक पॅकेजमधून तमुक पॅकेज आयात करायचं नाही, कन्सोल लॉग ठेवायचा नाही, हे सगळं फॉर्मॅटर (कोडची मांडणी लावणारं साधन) आणि लिंटर (नियमभंग शोधणारं साधन) करतात, आणि दरवेळी करतात. तुमच्या ९०० ओळींत अशा अडीचतीनशे सहज निघतील. त्या सूचना फाइलीत ठेवल्या की मॉडेलचं लक्ष खर्च होतं आणि हमी तर मिळतच नाही. नियम लिंटरमध्ये टाका, आणि फाइलीत त्याबद्दल एवढीच ओळ ठेवा की काम संपवण्याआधी लिंटची आज्ञा चालवायची.

यात एक जागा लोकांच्या नजरेतून सुटते. लिंटरच्या बहुतेक नियमांना स्वतःचा संदेश देता येतो. ईएसलिंट या जावास्क्रिप्टच्या लिंटरमध्ये ठरावीक आयातीवर बंदी घालणारा नियम आहे, त्यात नुसतं ‘ही आयात चालत नाही’ असं न लिहिता ‘डेटाबेस क्लायंट थेट आयात करू नका, रिपॉझिटरी स्तरातलं फंक्शन वापरा, नमुन्यासाठी ऑर्डर मॉड्यूल बघा’ असं लिहा. असिस्टंट चुकला की हा संदेश त्याच क्षणी, त्याच फाइलीच्या संदर्भात त्याच्या पुढ्यात येतो आणि तो स्वतःच दुरुस्ती करतो. चूक झाली नाही तर हा मजकूर संदर्भात एक शब्दाचीही जागा घेत नाही. क्लॉड.एमडीत हीच ओळ लिहिली असती तर सीएसएस दुरुस्त करतानासुद्धा ती सोबत वाहून न्यावी लागली असती.

लिंटर जिथे पोचत नाही तिथे हुक. क्लॉड कोडमध्ये असिस्टंटने एखादं साधन वापरण्याआधी किंवा वापरल्यानंतर तुमची स्क्रिप्ट चालवता येते. आधी चालणारी स्क्रिप्ट २ हा एक्झिट कोड देऊन थांबली तर ती कृती होतच नाही, आणि स्क्रिप्टने एरर स्ट्रीमवर छापलेला मजकूर मॉडेलला परत जातो. जुन्या मायग्रेशन फाइलींना (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टना) हात लावायचा नाही हा नियम घ्या. तो मोडला तर प्रॉडक्शनमधल्या डेटाबेसची आणि कोडची फारकत होते, म्हणून तुम्ही तो मोठ्या अक्षरांत लिहिला असणार. त्याला मोठी अक्षरं नकोत, आठदहा ओळींची स्क्रिप्ट हवी: बदलली जाणारी फाइल मायग्रेशनच्या फोल्डरात आहे आणि आधीपासून कमिट झालेली आहे का ते बघायचं, असेल तर थांबवायचं आणि ‘जुनं मायग्रेशन बदलू नका, नवीन तयार करा’ एवढं सांगायचं. फाइल सेव्ह झाल्यावर फॉर्मॅटर चालवणं हेही हुकचंच काम. गुपितं असलेल्या एन्व्हायर्नमेंट फाइली वाचायला मनाई करायची तर ती परवानग्यांच्या सेटिंगमध्ये करा. तरीही शेलमधून वाटा निघतात, म्हणून खरी प्रॉडक्शनची गुपितं त्या मशीनवर ठेवूच नका. आणि शेवटचं दार सीआयचं (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांचं), कारण हुक ज्याच्या त्याच्या साधनापुरते असतात. सीआय कर्सरवाल्यांना, कोपायलटवाल्यांना आणि हाताने कोड लिहिणाऱ्यांनाही सारखंच लागू होतं.

मोडला गेला तर नुकसान होईल असा एकही नियम फक्त सूचना फाइलीच्या भरवशावर ठेवू नये. एवढं केलंत तर ‘असिस्टंट ऐकत नाही’ ही तक्रार बरीचशी आपोआप मिटते, कारण ज्या गोष्टी ऐकल्याच पाहिजेत त्या ऐकण्या-न ऐकण्यावर राहत नाहीत.

तिसरा गठ्ठा ठरावीक भागापुरत्या नियमांचा. एपीआय सर्व्हरमधल्या त्रुटींचा आकार कसा असावा हे वेब ॲपचं बटण दुरुस्त करताना कशाला लागतं? क्लॉड कोड चालू फोल्डरपासून वरच्या सगळ्या फोल्डरांतल्या क्लॉड.एमडी सुरुवातीलाच वाचतं. खालच्या फोल्डरांतल्या मात्र असिस्टंट तिथल्या फाइली वाचतो तेव्हाच येतात. म्हणून सर्व्हरचे नियम सर्व्हरच्या फोल्डरात ठेवा. नियम फोल्डराला नव्हे तर फाइलींच्या प्रकाराला लागू असेल, म्हणजे सगळीकडे विखुरलेल्या चाचण्यांच्या फाइलींना वगैरे, तर क्लॉडच्या ‘रूल्स’ फोल्डरात पाथचा नमुना देऊन तो लिहिता येतो. कर्सरमध्ये हेच काम ‘ग्लॉब्स’ हे फील्ड करतं, कोपायलटमध्ये ‘अप्लाय टू’.

चौथा गठ्ठा क्वचित लागणाऱ्या कार्यपद्धतींचा: रिलीज कशी काढायची, नवीन भाषा कशी जोडायची, पेमेंटच्या चाचणीसाठी डेटा कसा भरायचा. या लांब असतात आणि महिन्यातून एकदा लागतात. त्या स्किल (गरज पडेल तेव्हाच उघडली जाणारी सूचना) म्हणून किंवा साध्या दस्तऐवजात ठेवा आणि मूळ फाइलीत एका ओळीत पत्ता द्या. पत्ता मात्र नीट द्या. ‘अधिक माहितीसाठी डॉक्स बघा’ असं लिहिलं तर कुणी बघत नाही, मॉडेलही नाही. ‘रिलीजशी संबंधित काहीही करण्याआधी डॉक्समधली रिलीजची फाइल वाचा’ असं लिहिलं तर वाचतं.

इथे एक गैरसमज मोठ्या प्रमाणावर आहे. क्लॉड.एमडीत ‘ॲट’ चिन्ह लावून दुसरी फाइल आयात करता येते, म्हणून बरेच जण ९०० ओळींचे दहा तुकडे करतात, मूळ फाइलीत दहा आयाती ठेवतात आणि फाइल छोटी झाली म्हणून खूश होतात. आयात केलेला सगळा मजकूर सत्राच्या सुरुवातीलाच संदर्भात येतो. माणसाला फाइल छोटी दिसते, मॉडेलला तेवढीच. आयात ही मजकुराची व्यवस्था लावण्यासाठी चांगली आहे, संदर्भ वाचवण्यासाठी तिचा उपयोग नाही. वाचवायचं असेल तर चिन्ह न लावता नुसता पत्ता लिहा आणि केव्हा वाचायचं ते सांगा.

एवढं केल्यावर जे उरतं ते खरं मूळ फाइलीचं. तुमच्यासारख्या प्रकल्पात ते साठ ते शंभर ओळींत बसायला हवं. कोडमधून न कळणाऱ्या गोष्टी, नेहमीच्या आज्ञा, आणि ज्या ठिकाणी नवा माणूसही हमखास घसरतो ती ठिकाणं. नमुना म्हणून काही ओळी देतो. तुमच्या फाइलीत आज्ञा आणि पाथ अर्थातच मूळ रूपात लिहा:

पॅकेज मॅनेजर पीएनपीएम. एनपीएम किंवा यार्न चालवू नका, लॉकफाइल दुहेरी होते.
बदल केलेल्या पॅकेजच्याच चाचण्या चालवा. सगळ्या चाचण्या सीआयमध्ये चालतात, इथे फार वेळ घेतात.
रकमा सगळीकडे पूर्णांकात, सर्वांत लहान चलन एककात, कारण दशांशात हिशेब चुकतो. दशांश फक्त स्क्रीनवर दाखवताना.
‘लेगसी’ फोल्डरातला कोड नमुना म्हणून वापरू नका. नवीन एंडपॉइंटसाठी ऑर्डर मॉड्यूलचा साचा घ्या.
जनरेट झालेला क्लायंट हाताने बदलू नका. स्कीमा बदला आणि जनरेटर चालवा.

या ओळींत काय आहे ते बघा. प्रत्येकीत काय करायचं ते आहे, आणि जिथे शंका येऊ शकते तिथे का तेही आहे. कारण दिलं की मॉडेल नियम न लिहिलेल्या ठिकाणीही ताणून लावतं. रकमा पूर्णांकात का, हे कळलेला असिस्टंट सवलतीच्या हिशेबातही दशांश घुसवत नाही. मनाईसोबत पर्याय दिलेला आहे, कारण नुसतं ‘हे करू नका’ म्हटलं तर मॉडेल दुसरा कुठला तरी मार्ग शोधतं, आणि तो पहिल्यापेक्षा बरा असेलच असं नाही. आणि प्रत्येक ओळ पाळली गेली की नाही हे डिफ (कोडमध्ये काय बदललं त्याची यादी) किंवा चालवलेल्या आज्ञा बघून सांगता येतं. ज्या ओळीबद्दल हे सांगता येत नाही, ती लिहिण्यात अर्थ नाही.

तुमच्या तक्रारीमागचं आणखी एक कारण मला दिसतं, आणि ते सूचनांत नसून कोडमध्ये असावं. फाइल म्हणते ‘क्लास कॉम्पोनंट लिहू नका’, आणि ज्या फोल्डरात काम चाललंय तिथल्या पंधरा फाइली क्लास कॉम्पोनंटच्या आहेत. मॉडेल शेजार बघून लिहितं, आणि पंधरा जिवंत उदाहरणांपुढे एक ओळ हरते. ते वागणं फारसं चुकीचंही नाही. नवा माणूसही तेच करेल. इथे नियमाची भाषा आणखी कडक करून उपयोग नाही. स्थलांतर अर्धवट आहे हे सरळ लिहा, नव्या पद्धतीची एक आदर्श फाइल दाखवा, आणि जमलं तर जुना कोड बदलून टाका. तसंच दोन फाइलींत परस्परविरोधी ओळी असतील, म्हणजे मूळ फाइलीत ‘टेस्ट कोडशेजारी ठेवा’ आणि वेब ॲपच्या फाइलीत ‘टेस्ट वेगळ्या फोल्डरात’, तर मॉडेल कोणती निवडेल याचा नेम नाही. तीन वेगवेगळ्या प्रती सांभाळणाऱ्या टीममध्ये असे विरोध असणारच. शोधायला फार कष्ट नाहीत: तिन्ही फाइली असिस्टंटलाच द्या आणि फक्त विरोध शोधायला सांगा. या कामात तो खरोखर चांगला आहे.

आता तीन साधनांचा प्रश्न. एक सामायिक फाइल ठेवा: एजंट्स.एमडी. २०२५ मध्ये हा संकेत पसरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. कोडेक्स, कर्सर आणि कोपायलटचा कोडिंग एजंट ती वाचतात. गूगलच्या जेमिनाय सीएलआयला सेटिंगमध्ये फाइलीचं नाव सांगता येतं. क्लॉड कोडसाठी क्लॉड.एमडीत पहिल्या ओळीला एजंट्स.एमडी आयात करा आणि खाली फक्त क्लॉडपुरतं काही असेल तर लिहा. बहुतेकदा तीनचार ओळींपलीकडे काही नसतं. सिम्बॉलिक लिंकनेही (दुसऱ्या फाइलीकडे नेणाऱ्या नुसत्या दुव्यानेही) काम होतं, पण टीममध्ये कुणी विंडोजवर असेल तर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ती लिंक साध्या मजकूर फाइलीसारखी उतरवू शकतं, आणि मग असिस्टंटला सूचनांऐवजी एका फाइलीचं नाव वाचायला मिळतं. म्हणून मी आयातच सुचवतो. कर्सरची जुनी एकसंध नियम फाइल अजून असेल तर ती काढा. ती पद्धत कर्सरने कधीच मागे टाकली आहे.

सामायिक फाइल म्हणजे सगळीकडे सारखंच वागणं, असं मात्र समजू नका. कोडेक्स मुळापासून चालू फोल्डरापर्यंतच्या फाइली एकापुढे एक जोडतं. क्लॉड कोड खालच्या फोल्डरांतल्या फाइली लागतील तशा घेतं, आणि तिथेही त्याला क्लॉड.एमडीच हवी असते, म्हणजे प्रत्येक फोल्डरात ती एका ओळीची आयात ठेवावी लागते. म्हणून सगळ्यांना लागणारं ते मूळ फाइलीत आणि वरच्या बाजूला ठेवा. खालच्या फोल्डरातली फाइल एखाद्या साधनाने वाचलीच नाही तरी काम अडू नये अशी मांडणी करा.

वैयक्तिक आवडी टीमच्या फाइलीत नकोत. ‘मला उत्तरं मराठीत दे’, ‘कमिट करण्याआधी विचार’, ‘माझा एडिटर विम आहे’ हे सगळं होम डिरेक्टरीतल्या क्लॉड.एमडीत. एखाद्याच प्रकल्पापुरतं, पण फक्त तुमचं असं काही, म्हणजे स्थानिक सर्व्हरचा पोर्ट वगैरे, असेल तर गिटने दुर्लक्षित केलेली ‘लोकल’ फाइल आहे. एकाच रिपॉझिटरीच्या अनेक वर्कट्री (कामाची स्वतंत्र फोल्डरं) वापरत असाल तर ही फाइल ज्या वर्कट्रीत बनवली तिथेच राहते. अशा वेळी मजकूर होम डिरेक्टरीत ठेवून तिथून आयात करणं सोयीचं.

फाइल पुन्हा ९०० वर जाऊ नये यासाठी तिला कोडसारखं वागवावं लागतं. ती बदलायची तर पुल रिक्वेस्ट (इतरांनी तपासून मंजूर करायचा बदल), आणि कोडओनर्समध्ये (कोणत्या फाइलीला कुणाची मंजुरी लागते त्या यादीत) दोघांची नावं. कमिटच्या संदेशात ही ओळ कोणत्या चुकीमुळे आली ते लिहा. पुढे कुणी ‘ही ओळ अजून लागते का’ विचारलं की गिट ब्लेममधून (कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणाऱ्या आज्ञेतून) उत्तर मिळतं, नाहीतर भीतीपोटी कुणीच काही काढत नाही, आणि फायली तशाच फुगतात. नियम ज्या कोडबद्दल आहे तो कोड बदलणाऱ्यानेच, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, ओळही बदलायची. शिळी ओळ नसलेल्या ओळीपेक्षा वाईट: मॉडेल तिच्यावर विश्वास ठेवून अस्तित्वात नसलेली स्क्रिप्ट चालवायला जातं. एकदा झालेल्या चुकीसाठी ओळ लिहू नका. तीच चूक वेगळ्या सत्रात, वेगळ्या माणसाकडे पुन्हा दिसली की मग लिहा, आणि तेव्हाही आधी विचारा की हे लिंटरमध्ये जाईल का. मॉडेलची नवी आवृत्ती आली की छाटणीची चांगली संधी असते. जुन्या मॉडेलच्या खोडींसाठी लिहिलेल्या ओळी नव्याला नुसतं ओझं होतात, कधी कधी तर अडथळा.

ओळ उपयोगी आहे की नाही हे वाद घालून ठरत नाही. झालेल्या कामांतली पाचसहा निवडा, त्यांच्या आधीच्या कमिटवर जा, आणि तेच काम ओळीसह आणि ओळीशिवाय, प्रत्येक वेळी नव्या सत्रात, करून घ्या. एकेकदा करून थांबू नका; मॉडेलचं उत्तर दरवेळी थोडं वेगळं येतं, त्यामुळे एका धावेवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो. हे सगळ्या ओळींसाठी करायला कुणाला वेळ नाही. ज्या ओळींवरून टीममध्ये भांडण आहे त्यांच्यापुरतं करा.

असिस्टंटने नियम मोडला की लगेच फाइलीला हात न लावता आधी निदान करा. क्लॉड कोडमध्ये ‘मेमरी’ ही आज्ञा कोणत्या फाइली लागू आहेत ते दाखवते, आणि ‘कॉन्टेक्स्ट’ आज्ञा जागा कशाने खाल्ली ते. बरेचदा फाइल लोडच झालेली नसते: कुणीतरी वेगळ्या फोल्डरातून सत्र सुरू केलेलं असतं, किंवा नावात एक अक्षर चुकलेलं असतं. सत्र लांबलं आणि संभाषणाचा सारांश केला गेला तर मूळ क्लॉड.एमडी डिस्कवरून पुन्हा वाचली जाते, पण खालच्या फोल्डरांतल्या फाइली असिस्टंट पुन्हा तिथे जाईपर्यंत येत नाहीत. आणि फक्त बोलण्यात सांगितलेला नियम सारांशात हरवू शकतो. लांबलेल्या सत्राशी झगडण्यापेक्षा नवीन सत्र सुरू करणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मार्च २०२५ मध्ये पिलर सिक्युरिटी या कंपनीने दाखवलं की नियमांच्या फाइलीत डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं पेरून कर्सर आणि कोपायलटकडून घातक कोड लिहून घेता येतो, आणि डिफ वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्यामुळे इंटरनेटवरून नियमांचे तयार गठ्ठे उचलून चिकटवू नका, आणि सीआयमध्ये या फाइलींतली अदृश्य अक्षरं शोधणारी एक छोटी तपासणी ठेवा. बाहेरची रिपॉझिटरी क्लोन केली की तिच्यातली सूचना फाइल आणि हुक आधी वाचा, मग असिस्टंट चालू करा. आणि आपल्या फाइलीत पासवर्ड, टोकन, अंतर्गत सर्व्हरचे पत्ते नकोत. ती गिटमध्ये जाते आणि प्रत्येक विनंतीसोबत बाहेरही जाते.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न: फाइल असिस्टंटकडूनच लिहून घ्यावी का? क्लॉड कोडची ‘इनिट’ आज्ञा रिपॉझिटरी वाचून मसुदा बनवते. आज्ञांचा भाग त्यात चांगला येतो, बाकी बहुतांश वर्णन असतं, आणि ते कोडमध्ये आधीच आहे. नवीन प्रकल्पात सुरुवातीला वापरा आणि वरची चाळणी लावा. चालू प्रकल्पात त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे एखादं कटकटीचं काम संपल्यावर त्याच सत्रात विचारणं: ‘इथे तू कुठे अडखळलास, आणि आधी काय माहीत असतं तर अडखळला नसतास? एका ओळीत सांग.’ पाच उत्तरांतलं एखादंच फाइलीत जाण्याच्या लायकीचं असतं, पण ते माणसाच्या लक्षात आलं नसतं असं असतं. बाकीची चार बहुतेकदा गहाळ टाइप, फसवं फंक्शनचं नाव किंवा मोडकी स्क्रिप्ट यांच्याकडे बोट दाखवतात. ती सूचना फाइलीत न टाकता थेट कोडमध्ये दुरुस्त करा.